बेकरी त्यांची, नाव आपलं

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलणाऱ्या ताई कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका बचत गटाच्या सचिव आहेत. त्यांचा गट नाचणीची बिस्किटं विकतो.)



गिरणीत दळण टाकायला आपण सगळ्याच जातो. ज्वारीचा डबा पुढे सरकवायच्या आधी आपण विचारतो, "आत्ता कुणाचं काय दळलं?" आधी कुणाचे गहू असतील तर पहिलं मूठभर पीठ बाजूला काढायला सांगतो. उन्हाळ्यात मिरच्या घेऊन डंकावर जातो आणि तिथे ठाण मांडून बसतो. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत नानकटाई करून आणतो. माल आपला, यंत्र त्याचं, किलोमागे मजुरी. मोठ्या धंद्यात यालाच जॉबवर्क म्हणतात, कॉन्ट्रॅक्ट मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात. नाव भारी आहे, काम आपल्या ओळखीचं आहे.

मग फरक कुठे पडतो? दळण जाडं आलं तर आपण त्याचं थालीपीठ लावतो, गोष्ट घरात मिटते. पण पाकिटावर गटाचं नाव छापलं आणि ते पाकीट दुसऱ्याच्या घरी गेलं, की चूक आपल्या स्वयंपाकघरात मिटत नाही. बिस्किट बेकरीवाल्याने भाजलेलं असतं, शिव्या मात्र आपल्या गटाला बसतात. म्हणून दुसऱ्याकडून माल करून घेताना त्या माणसाशी नातं कसं जोडायचं आणि कसं टिकवायचं, हे आज सांगणार आहे. आमचं एकदा चुकलं होतं, तिथूनच सुरुवात करते.

सादळलेली बिस्किटं

आमच्या गटात आम्ही अकरा जणी. नाचणी आमच्या रानातली. आधी आम्ही पीठ आणि पापड विकायचो. मग बिस्किटं करायचं ठरलं. आमच्याकडे भट्टी नव्हती, म्हणून तालुक्याच्या गावातल्या एका बेकरीत गेलो. मालक वयाने मोठे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी किलोला ४५ रुपये मजुरी सांगितली, आम्ही हो म्हटलं. सगळं तोंडी. पहिले पाच-सहा लॉट उत्तम निघाले.

मग जिल्ह्याच्या गावाला प्रदर्शन लागलं. आम्ही २०० ग्रॅमच्या ६०० पुड्यांची ऑर्डर दिली. माल शुक्रवारी संध्याकाळी उचलायचा होता. मध्येच गावातला एक टेम्पो गुरुवारी रात्री तिकडे जाणार असल्याचं कळलं. भाडं वाचेल म्हणून आम्ही चाचांना फोन केला, "गुरुवारीच द्या." ते म्हणाले, "वहिनी, घाई होईल. उद्याच न्या." आम्ही ऐकलं नाही.

पावसाळ्याची अखेर, हवा दमट. प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी एक बाई फोडलेला पुडा घेऊन परत आल्या. बिस्किटं सादळली होती. त्यांच्या मागोमाग आणखी दोघी आल्या. आम्ही स्टॉलवरचे पुडे फोडून पाहिले, निम्म्याहून जास्त तसेच. ६०० पैकी ३८० पुडे वाया गेले. आम्हाला पुडा ३५ रुपयांना पडत होता. म्हणजे १३,३०० रुपये पाण्यात.

गटाच्या बैठकीत भडका उडाला. एक म्हणाली, मजुरी देऊ नका. दुसरी म्हणाली, बेकरीच बदला. मीही त्यांच्यातच होते. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात वडील काकूंनी विचारलं, "गार झाल्यावर भरा, असं आपण त्यांना कधी सांगितलं होतं का? कुठे लिहिलंय, दाखवा बरं." लिहिलेलं काहीच नव्हतं. मग एकेक बाहेर पडायला लागलं. त्या आठवड्यात आमच्यातल्या तिघींनी बेकरीत वेगवेगळे फोन केले होते. एकीने आकडा ५०० चा ६०० केला होता, एकीने गुरुवार सांगितला होता आणि एकीने "शुक्रवार चालेल" असंही सांगून ठेवलं होतं. चाचांनी कुणाचं ऐकायचं?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बेकरीत गेलो. पाच पुडे सोबत नेले आणि काही न बोलता त्यांच्या टेबलावर फोडले. भट्टीवरच्या उस्तादांनी एक बिस्किट मोडून पाहिलं आणि सांगितलं, "गरम भरलंय. आतल्या आत घाम सुटला." शेवटचे घाणे संध्याकाळी पाचला निघाले आणि सहाला पिशवीत गेले, कारण टेम्पो दारात उभा होता. गरम बिस्किटाची वाफ बंद पिशवीत अडकते, तिचं पाणी होतं आणि ते बिस्किटच परत ओढून घेतं. गरम पोळ्या झाकून ठेवल्या की झाकणाला पाणी सुटतं, तसंच.

घाई आमची होती. गरम भरायला नको होतं हे त्यांना माहीत होतं, तरी भरलं, ही त्यांची चूक. नुकसान निम्मं-निम्मं करायचं ठरलं. त्यांच्या वाट्याचे ६,६५० रुपये त्यांनी पुढच्या तीन लॉटच्या मजुरीतून वळते केले. आमच्या वाट्याचे अकरा जणींत वाटले, तर प्रत्येकीला सहाशेच्या वर भुर्दंड बसला. कुणाचा तो दोन-तीन दिवसांचा रोज होता. त्या दिवशी चाचांच्याच टेबलावर आम्ही पहिला कागद लिहिला. त्या कागदामुळे आमचं नातं टिकलं. आता त्यात काय काय असावं ते सांगते.

जोडण्याआधी बघायचं काय

बेकरी असो, मसाल्याचं कांडप असो की सरबत भरून देणारा कारखाना असो, पहिली गोष्ट त्यांचा अन्न परवाना. परवान्याचा क्रमांक १४ आकडी असतो. तो भिंतीवर लावलेला असायला हवा. त्यात आपण करून घेणार तो पदार्थ बसतो का, मुदत संपलेली नाही ना, हे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस संकेतस्थळावर बघता येतं. गटातल्या कुणाच्या लेकीला मोबाइलवर बघायला सांगा.

दुसरं, तिथे आणखी काय बनतं. आमच्या बेकरीत अंड्याचे केक होतात. आमच्या पुड्यावर हिरवा ठिपका आहे. म्हणून पहिल्याच दिवशी विचारलं, ट्रे वेगळे आहेत का, मिक्सर धुऊन घेता का. आता आमचा लॉट सकाळी पहिला लागतो, केक नंतर. शेंगदाणे, दूध, गहू यांची काही जणांना ॲलर्जी असते, तेव्हा हे विचारणं म्हणजे चोखंदळपणा नव्हे, जबाबदारी आहे.

तिसरं, त्यांचा सगळ्यात लहान लॉट केवढा. मिक्सरमध्ये ठरावीक वजनापेक्षा कमी पीठ नीट मळलं जात नाही. तुमची विक्री महिन्याला २० किलो आणि त्यांचा लॉट १०० किलोचा असेल, तर तो माणूस कितीही भला असला तरी तुमच्या कामाचा नाही. फार मोठ्या कारखान्यात आपल्या ऑर्डरला शेवटचा नंबर लागतो. आपलं काम ज्याला कामासारखं वाटेल, एवढ्याच आकाराचा माणूस शोधा.

आणि चौथं, एकदा न सांगता जा. भट्टीजवळची फरशी, पाण्याची टाकी, कामगारांचे हात, पिठाच्या पोत्यांची जागा बघा. आपल्या घरात कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या नाही, हे आपल्याला बघताक्षणी कळतं. तीच नजर इथे वापरा.

नमुना म्हणजे आपला साक्षीदार

"चांगलं भाजा" म्हणजे किती? माझं चांगलं वेगळं, उस्तादांचं वेगळं. हे भांडण शब्दांनी सुटत नाही. म्हणून आम्ही पहिल्या चांगल्या लॉटमधले दोन डबे बाजूला काढले. दोन्ही बाजूंनी चिठ्ठीवर सह्या केल्या. एक डबा बेकरीत, एक गटाकडे. रंग एवढा, जाडी एवढी, मोडताना आवाज असा. नवा लॉट निघाला की त्यातलं एक बिस्किट नमुन्याशेजारी ठेवायचं. बिस्किट कायम टिकत नाही, म्हणून दर दोन महिन्यांनी चांगल्या लॉटमधून नमुना बदलतो आणि पुन्हा सह्या करतो.

जे मोजता येतं ते मोजून लिहा. आमच्या पुड्यात २० बिस्किटं, वजन २०० ग्रॅम. आम्ही लिहिलं आहे, दहा बिस्किटांचं वजन १०१ ते १०३ ग्रॅम. यापेक्षा कमी भरलं तर पुडा वजनाला मार खातो, आणि छापल्यापेक्षा कमी माल देणं हा वजनमापाच्या कायद्याने गुन्हा आहे. जास्त भरलं तर? दहाचं वजन १०५ झालं, म्हणजे पुड्यामागे १० ग्रॅम जादा. ६०० पुड्यांत ६ किलो. आम्हाला किलो १७५ रुपयांना पडतो, म्हणजे हजार-पन्नास रुपये फुकट गेले. तराजू जवळ असेल तर हे पाच मिनिटांत कळतं.

गार करण्याचंही लिहिलं. ट्रे भट्टीतून काढल्यावर रॅकवर ठेवायचे, बिस्किट हाताला कोमटसुद्धा लागता कामा नये, मगच भरायचं. पण पावसाळ्यात रात्रभर उघडंही ठेवायचं नाही, कारण तेव्हा ते हवेतला ओलावा ओढतं. त्याच दिवशी गार, त्याच दिवशी बंद.

आणि एक ओळ ठळक अक्षरांत, "विचारल्याशिवाय कोणताही बदल नाही." तुपाचा भाव वाढला म्हणून कुणी डालडा घातला, तर चव तर जातेच, पण पाकिटावर छापलेली घटकांची यादीही खोटी ठरते. बदल करायचा असेल तर आधी फोन, मग छोटा घाणा, मग निर्णय.

माल किती दिला, किती आला

भाजताना वजन घटतं. पिठातला, गुळातला ओलावा उडतो, थोडा चुरा होतो. ही घट आधी ठरली नाही तर मनात किंतू राहतो. "आपण एवढं दिलं, मग एवढंच कसं?" असं एकीने म्हटलं की दुसरीच्या मनातही तेच येतं. आम्ही पहिले तीन लॉट दोन्ही बाजूंनी उभं राहून तोलले. आमच्या कृतीत १०० किलो कोरड्या मालातून ९३ ते ९४ किलो बिस्किटं येतात, चुरा धरून. तोच आकडा कागदावर लिहिला. चुरा गटाला परत मिळतो. यापेक्षा कमी आलं तर का आलं ते त्याच दिवशी विचारायचं, महिन्याने नाही.

छापील पाकिटांचा हिशेबही असाच. आमच्या नावाची १,००० पाकिटं बेकरीत दिली, ६०० भरली, १५ फाटली, तर ३८५ दिसली पाहिजेत. फाटलेली सुद्धा परत घेतो. आपल्या नावाच्या रिकाम्या पाकिटात कुणी काहीही भरू शकतं, म्हणून ती नोटांसारखी मोजा.

आता कृतीचं. पुष्कळ जणी विचारतात, "त्यांना सगळं प्रमाण सांगितलं तर उद्या तेच विकायला लागतील." पीठ, गूळ, तूप यांचं प्रमाण सांगावंच लागतं, त्याशिवाय उस्ताद मळणार कसे? पण आमच्या बिस्किटाची चव वेलची, सुंठ आणि जायफळाच्या पुडीत आहे. ती आम्ही गावात कुटतो, लॉटच्या मापाने पिशवी बांधतो आणि तेवढीच देतो. एक लॉट, एक पिशवी. चाचांनी आजवर कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही, आणि दोघांनाही त्यात अवघड वाटत नाही.

नाव कुणाच्या नावावर

पाकिटावर दोघांची ओळख लागते. ब्रँड ज्याचा आहे त्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि परवाना क्रमांक, शिवाय बनवणारा वेगळा असेल तर त्याचाही क्रमांक. म्हणजे आपण स्वतः भाजत नसलो तरी गटाला अन्न परवाना किंवा नोंदणी काढावीच लागते. बेकरीच्या परवान्यावर आपलं भागत नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते आधी. गव्हाचं पीठ घातलं असेल तर तसं लिहा, "शुद्ध नाचणी" असं छापू नका. निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावं, लॉट क्रमांक आणि ग्राहकांसाठी फोन नंबर, हे सगळं हवं.

ब्रँडचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचं असेल तर ते गटाकडेच राहील हे बघा. "मी करून देतो तुमचं नाव" असं कुणी प्रेमाने म्हटलं तरी अर्ज त्याच्या नावाने नको. लहान उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, आणि नोंदणी झाली की ती १० वर्षं चालते, पुढे वाढवता येते. गटाच्या, प्रभागसंघाच्या की कंपनीच्या नावाने अर्ज करायचा, हे आधी जाणकाराला विचारून घ्या.

पैसे वेळेवर, ऑर्डर खरी

आता आपल्या बाजूचं. नातं म्हणजे त्याने काय करायचं याची यादी नव्हे. बेकरीवाल्यालाही पिठाचे, गॅसचे, कामगारांचे पैसे दर आठवड्याला मोजावे लागतात. आमची रीत अशी, माल उचलताना निम्मी मजुरी, उरलेली १५ दिवसांत. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे, करारात मुदत लिहिली असली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. आपण नेहमी स्वतःला घेणेकरी समजतो, पण इथे आपण देणेकरी आहोत. एका महिन्यात आमची वसुली थांबली होती. तेव्हा पंधराव्या दिवशी गप्प न बसता बाराव्या दिवशीच फोन करून सांगितलं, "चाचा, आठ दिवस उशीर होईल." ते म्हणाले, "सांगितलंत ना, मग चालेल." आधी सांगितलेला उशीर माणूस सोसतो, शोधायला लावलेला सोसत नाही.

ऑर्डरचंही तसंच. गणपती, दिवाळी, लग्नसराई या दिवसांत बेकरीला श्वास घ्यायला फुरसत नसते. आम्ही तीन आठवडे आधी आकडा देतो आणि फुगवून देत नाही. "हजार पुडे लागतील" म्हणायचं आणि चारशे उचलायचे, असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी आपला माल मागे पडतो.

आणि एक फोन, एक वही. त्या प्रदर्शनानंतर आम्ही ठरवलं की बेकरीशी गटाच्या वतीने एकीनेच बोलायचं. ती आजारी असेल तर दुसरी, पण तेही बेकरीला आधी कळवून. बोलणं झालं की आकडा आणि तारीख मोबाइलवर लिहून पाठवायची. वहीत लॉट क्रमांक, दिलेला माल, आलेला माल, पाकिटं, मजुरी, एवढे रकाने. दर सहा महिन्यांनी बोलणारी बदलते, म्हणजे ओळख एकीपुरती राहत नाही.

मजुरी वाढवून मागितली तर

गेल्या वर्षी चाचांनी मजुरी ४५ वरून ५२ करायला सांगितली. बैठकीत पुन्हा तोच सूर, "घासाघीस करा, नाहीतर दुसरीकडे जाऊ." आम्ही घासाघीस केली नाही. विचारलं, "खर्च कुठे वाढला?" त्यांनी सांगितलं, गॅस वाढला, आणि आमच्यासाठी महिन्यातून दोनदा भट्टी तापवावी लागते, ६० किलोसाठी एकदा आणि ६० किलोसाठी पुन्हा. भट्टी तापवायला लागणारा गॅस ६० किलोला आणि १२० किलोला जवळपास सारखाच. मग आम्हीच सुचवलं, दोन लॉट एकत्र करू. आम्हाला माल साठवायला कोरडी खोली आणि हवाबंद डबे लागले, तेवढी तयारी केली. मजुरी ४८ वर थांबली. त्यांचाही गॅस वाचला, आमचा टेम्पोचा एक फेराही वाचला. भाव पाडायच्या आधी काम करायची पद्धत बदलून काही निघतं का, ते बघा.

काहीजणी विचारतील, एवढं करण्यापेक्षा आपलीच भट्टी का घालू नये? घालावी, पण ती रोज पेटणार असेल तर. आमची बिस्किटं महिन्यातून दोन-तीन दिवस भाजली जातात. उरलेले दिवस भट्टी थंड, कर्जाचा हप्ता मात्र गरम. अनुदानाच्या योजना आहेत, पण अनुदान सोडून उरलेली रक्कम फेडायची आपल्यालाच. विक्री आधी वाढू दे.

चुकलं तर काय, हे चुकायच्या आधी

आमच्या कागदावर शेवटचा भाग चुकांचा आहे. पीठ, गूळ, मसाला आमचा आणि त्यात दोष निघाला, तर नुकसान आमचं. करपलं, कच्चं राहिलं, गरम भरलं, तर बेकरीचं. ठरलेली तारीख आम्ही घाईने अलीकडे आणली तर दोघांचं निम्मं-निम्मं. कारण सापडलंच नाही तर तेही निम्मं-निम्मं. माल उचलताना प्रत्येक खोक्यातला एक पुडा फोडून बघायचा. प्रत्येक लॉटचे सहा पुडे गटाकडे राखून ठेवतो आणि दर पंधरा दिवसांनी एक फोडून चाखतो. त्यावरूनच किती दिवसांत खावं ते पाकिटावर छापलं आहे. कुणाची तक्रार आली की त्याच लॉटचा राखीव पुडा फोडतो. गिऱ्हाईकाने डबा उघडा ठेवला असेल तर तेही कळतं, आपलं चुकलं असेल तर तेही.

काम थांबवायचं असेल तर दोन्ही बाजूंनी एक महिना आधी सांगायचं. पाकिटं मोजून परत, हिशेब पूर्ण. वर्षातून एकदा आम्ही एक छोटा लॉट दुसऱ्या बेकरीत काढून बघतो, आणि ते चाचांना सांगूनच. त्यांची भट्टी बंद पडली तर आमच्या अकरा जणींची चूल थांबायला नको, हे त्यांनाही पटतं.

हा करार वकिली भाषेत नाही. दोन पानं, साधं मराठी, दोन्ही बाजूंच्या सह्या आणि दोन साक्षीदार. आधी तो साध्या कागदावर होता, नंतर मुद्रांकावर केला. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. सही करण्याआधी मसुदा प्रभागसंघात किंवा माविमच्या लोकसंचालित साधन केंद्रात दाखवून घ्या. टिकवण आणि पॅकिंगबद्दल जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

पण मैत्रिणींनो, कागद पेटीत ठेवून नातं चालत नाही. आमच्यातल्या दोघी अजूनही दर लॉटला बेकरीत जातात. पहारा द्यायला नाही. वजन बघतात, नमुना शेजारी ठेवतात, उस्तादांना विचारतात, "आज पीठ कसं लागतंय?" मागच्या पावसाळ्यात त्यांनीच सांगितलं की पीठ ओलसर वाटतंय, आज मळू नका. आम्ही पोतं परत आणलं, ऊन दिलं, दोन दिवसांनी लॉट काढला. त्यांनी तोंड मिटून भाजलं असतं तर मजुरी त्यांना मिळालीच असती. तरी ते बोलले, कारण आमचं ऐकून घेतलं जाईल याची त्यांना खात्री होती.

तर तुमचा गट मसाला कांडून घेत असेल, पापडाचं पीठ दळून घेत असेल, सरबत भरून घेत असेल, तर येत्या बैठकीत एवढं करा. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. नमुना कुठे आहे? घट किती ठरली आहे? पाकिटं किती शिल्लक आहेत? त्यांच्याशी कोण बोलतं? माल बिघडला तर नुकसान कुणाचं? ज्या प्रश्नाला दोघींची उत्तरं वेगळी येतील, तो प्रश्न घेऊन आधी आपसात बसा, आणि मग त्यांच्याकडे जा.